ठोक्यांचे फोटो

"काका, हे मी केलेलंच नाही."

आम्रपालीने आमच्या ह्यांच्या टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. एक तिने स्वतः ठोकून घडवलेला तांब्याचा हार आणि दुसरा त्याच हाराचा ह्यांनी काढलेला फोटो. हाराच्या पानापानावर हातोडीचे बारीक ठोके होते. फोटोतली पानं मात्र नव्या कोऱ्या स्टीलच्या ताटासारखी गुळगुळीत.

"तुझंच आहे. जरा साफ केलंय," हे म्हणाले.

"जरा? काका, सगळे ठोके पुसलेत तुम्ही! मोबाईलवर हे फोटो बघून मागवलेल्या तिघींनी पार्सल परत पाठवलं. एकीने लिहिलंय, फोटोत नवा दाखवता आणि पाठवता चेपलेला."

मला हसू आवरेना. चहाचं निमित्त करून मी आत सटकले.

आता ह्यांची तरी काय चूक? वारज्यात घराच्या पुढच्या खोलीत ह्यांचा सुखदेव फोटो स्टुडिओ. लग्नाच्या मुलींचे फोटो काढून घ्यायला पार कात्रजहून लोक यायचे. देवीचे व्रण, तीळ, भाजल्याची खूण, काही असो, हे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवत दुपारभर बसायचे आणि डाग नाहीसा करायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या ह्या माणसाने कॉलेजच्या पोरांमध्ये बसून फोटोशॉप शिकून घेतलं. पण मग लग्नं वेबसाइटवर जुळायला लागली, ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाईल आला आणि स्टुडिओला उरले पासपोर्टचे फोटो.

म्हणून तर आम्रपालीच्या कामाचं ह्यांना इतकं अप्रूप. ही आमच्याच सोसायटीतली पोर. हिंजवडीतली नोकरी सोडून तांबट आळीतल्या एका कारागिराकडे ठोकाठोकी शिकली आणि दागिने करायला लागली. तिची आई ललिता अजूनही सगळ्यांना मुलगी रजेवर आहे असंच सांगते.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आम्रपाली खाली बघून बोलत होती. "काका, पुढच्या रविवारी माझी वेबसाइट सुरू होतेय. चाळीसच्या चाळीस फोटो परत लागणार. तुम्हाला जमणार नसेल, तर... मी दुसऱ्या कुणाला तरी विचारते."

"अगं, पण ठोके दाखवायचे म्हणजे..."

"मी तेच तर विकते, काका. गुळगुळीत हवं असेल त्याला मशीनचं मिळतं की."

पुढचे तीन दिवस ह्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही, नुसते फोटो काढले. तरी फोटो गुळगुळीतच यायचे. दोन्ही बाजूंना उजेड मऊ करणारे छत्रीचे दिवे, खाली पांढरा कागद, सगळा थाट डाग लपवण्याचा. तिसऱ्या दिवशी जेवताना हे भाकरीचे तुकडे नुसतेच मोडत बसले. मला फार वाईट वाटलं. एकच विद्या यावी आणि नेमकी तीच नको आहे असं कुणी तोंडावर सांगावं, हे साठीला आलेल्या माणसाने गिळायचं कसं?

"अहो, एक सांगा," मी म्हटलं. "डाग पुसायचा तर आधी तो सापडायला हवा ना? तो कसा शोधायचात?"

"त्यात काय? मुलगी आली की आधी खिडकीशी तिरकी उभी करायची. एका बाजूने उजेड पडला की बारीकसारीक सगळं वर येतं. मग तिला आत न्यायचं आणि दिवे असे लावायचे की त्यातलं काही म्हणता काही..."

हे बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघितलं आणि हात न धुता खिडकीकडे गेले.

सकाळी आठ ते साडेनऊ आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर तिरकं ऊन येतं. दुसऱ्या दिवसापासून ओटा ह्यांच्या ताब्यात गेला. पांढरा कागद नको म्हणून माझा पोळपाटही गेला. तीन दिवस मी उलट्या ताटावर पोळ्या लाटल्या. पण फोटो काय आले म्हणता! ठोका न् ठोका मोजून घ्यावा.

आम्रपाली स्क्रीनला नाक लावून बघत होती. "काका, हा बघा, हा खोल गेलेला! आईशी भांडून आले होते त्या दिवशी. दिसतोय की तो!"

शेवटी एकच फोटो राहिला. मोठा हार गळ्यात घालूनच दाखवायला हवा होता.

"काकू, तुम्ही बसा ना," आम्रपाली म्हणाली.

मी चपापले. आठ वर्षांपूर्वी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गळ्याच्या खाली आडवी रेघ आहे, हाराच्या बरोब्बर वर. पुढे मुलाच्या लग्नाचा अल्बम आला, त्यात ती कुठेच नव्हती. ह्यांनी गुपचूप पुसली होती. फोटो किती छान, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. पण खरं सांगते, अल्बममधल्या त्या बाईचा मला रागच यायचा. मी शाळेत शिकवणारी, आणि त्या ऑपरेशनात आवाज जायची भीती होती. ऑपरेशननंतर कितीतरी दिवस मी सकाळी उठून आवाज आहे ना, म्हणून आधी स्वतःशीच पाढे म्हणून बघायचे. त्या बाईला ह्यातलं काहीच भोगावं लागलं नव्हतं.

तरी बसले. ह्यांनी सवयीने मला उजेडाकडे तोंड करून बसवलं. मग जरा घुटमळले आणि खुर्ची तिरकी केली.

फोटो स्क्रीनवर आला. हनुवटीपासून खाली हारापर्यंत मी, आणि मधे ती रेघ, लख्ख. ह्यांचा हात माऊसवर होता.

"अगं शालन," हे हळूच म्हणाले, "ही... राहू देऊ?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मला भरून आलं. पण आम्ही पुण्याचे, असं लगेच दाखवत नाही.

"राहू द्या," मी म्हटलं. "हनुवटीखालचा तो एक केस तेवढा काढा."

हे एकदम खुलले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या एका केसासाठी चांगली वीस मिनिटं घेतली.