टपरीतले निखारे

मी एक जुनी, कोळशावर चालणारी पितळी इस्त्री आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी इस्त्री पाहिलीही नसेल. तुमच्या घरची इस्त्री हलकी, वायर लावायची. मी चांगली वजनदार. माझ्या पोटात रसरशीत निखारे भरायचे, झाकण लावायचं, झाकणावरच्या पितळी कोंबड्याची खिट्टी अडकवायची आणि लाकडी मूठ धरून मला कपड्यांवरून फिरवायचं, असं माझं काम. आता ते काम बंद आहे. माझ्या मालकिणीच्या, रत्नमालाच्या घरी, पलंगाखाली, गोणपाटात गुंडाळून मला ठेवलेलं आहे. मी मोडलेली नाही. माझा तळ अजून गुळगुळीत आहे. पण रत्नमालाला माझ्याकडे बघवत नाही, म्हणून मी इथे आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासूनपुसून चकचकीत केलं आणि मी शहागंजातल्या एका भांड्यांच्या दुकानात येऊन बसले. तिथून मला कडूबाईंनी विकत घेतलं. कडूबाई म्हणजे रत्नमालाची सासू. नवरा अकाली गेलेला, पदरात लहानगा अतुल. त्यांनी दुकानातल्या सगळ्या इस्त्र्यांच्या तळावरून हात फिरवून पाहिला आणि शेवटी मला उचललं. सिडकोतल्या एका कॉलनीच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडाखाली त्यांनी पत्र्याची टपरी टाकली. त्या टपरीत माझं सारं आयुष्य गेलं.

कष्टाचे पण मानाचे दिवस होते ते. चौदा एप्रिल जवळ आला की टपरीत पांढऱ्या कपड्यांचे ढीग लागायचे. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, लहान पोरांचे पांढरे झगे. एकाही कपड्यावर राखेचा कण पडू द्यायचा नाही, ही कडूबाईंची जिद्द. मिरवणुकीला निघालेली माणसं टपरीवरून जाताना त्यांना जयभीम घालायची आणि स्वतःच्या कडक घडीवरून हात फिरवायची. त्या घडीत माझाही वाटा आहे, असं मला वाटायचं.

पुढे अतुल मोठा झाला, वाळूजच्या एका कंपनीत लागला. रत्नमाला सून म्हणून आली. कडूबाईंनी तिला निखारे कसे फुलवायचे, तळावर पाण्याचा थेंब टाकून ताव कसा ओळखायचा, हे सगळं शिकवलं. कडूबाई गेल्या, टपरी रत्नमालाकडे आली. आजूबाजूच्या सगळ्यांनी विजेच्या, नाहीतर गॅसच्या इस्त्र्या घेतल्या. टपरीला वीज नव्हती, आणि गॅसवरची घेऊ घेऊ म्हणत वर्षं निघून गेली. मी टिकून राहिले.

मित्रांनो, इथवरचं सांगताना मला बरं वाटतं. पुढचं सांगणं जड जातं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला राजाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई टपरीवर येऊ लागल्या. फुलंब्रीकडच्या एका वाडीतल्या. नवरा होता तोवर मेंढरं राखली. नवरा गेला, मेंढरं विकली गेली, मूलबाळ नव्हतं. मग मुकादमाच्या टोळीबरोबर त्या शहरात बांधकामावर आल्या. आमच्या कॉलनीच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांनी विटा वाहिल्या आणि रात्री तिच्याच तळमजल्यावर झोपल्या. इमारत पुरी झाली. टोळी दुसऱ्या गावाला गेली, पण म्हातारीचा हात चालत नाही म्हणून मुकादमानं यांना मागे ठेवलं. इमारतीत लोक राहायला आले, फाटक बसलं, आणि राजाबाई रस्त्यावर आल्या. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपायचं आणि सकाळी ऊब शोधत फिरायचं, असं त्यांचं चालू झालं.

सकाळी रत्नमाला माझं झाकण उघडून निखारे भरायची, तेव्हा राजाबाई दोन्ही तळवे माझ्यावर धरायच्या. रत्नमाला त्यांना चहा द्यायची. फुकट घ्यायचा नाही म्हणून त्या लिंबाचा पाचोळा झाडून काढायच्या. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना मात्र कधी शिवायच्या नाहीत. आपले हात खरबरीत आहेत, एखादा धागा ओढला जाईल, असं म्हणायच्या.

हळूहळू दोघींच्या गप्पा होऊ लागल्या. एकदा रत्नमालानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की लेक संस्कृती नांदेडला नर्सिंग शिकते, तिच्यासाठी बांधलेली खोली आता रिकामीच असते, आत पलंग आहे, गादी आहे, झोपायला कुणी नाही. राजाबाई ऐकून हसल्या आणि पोरीला आशीर्वाद दिला.

मग थंडीची लाट आली. सकाळी लिंबाखाली उभं राहवेना. एके दिवशी राजाबाई आल्या त्या खोकतच. माझ्यावर हात धरले, पण बोटं उघडेनात. रत्नमालानं ती बोटं आपल्या हातात घेऊन चोळली. आता या बाईला उघड्यावर झोपू द्यायचं नाही, असं तिनं तिथल्या तिथे ठरवलं. ती वाईट मनाची नव्हती, मित्रांनो. दुसऱ्या कुणी एवढंही केलं नव्हतं.

दुपारभर तिचा हात माझ्या मुठीवर होता आणि तो मध्येच थांबत होता. तिच्या डोळ्यांपुढे संस्कृतीची खोली होती. त्याच वेळी राजाबाईंच्या अंगाचा वास, डोकं खाजवायची सवय, ते मळकं लुगडं, हेही दिसत होतं. संध्याकाळी ती त्यांना म्हणाली, "आजी, मी तुम्हाला घरी नेलं असतं, पण आमच्या ह्यांना नाही चालत. तुम्ही इथं टपरीत झोपा. मी सगळं नीट करून देते."

"लई झालं, माय," राजाबाई म्हणाल्या.

आणि रत्नमालानं खरोखरच सगळं नीट केलं. नवी चटई आणली, घरून घोंगडी आणली, भाकरी आणि पिठलं आणलं. पत्र्याच्या फटीतून वारा येतो म्हणून एकेका फटीत जुन्या चिंध्या कोंबल्या. टपरीच्या तोंडावर रात्री पाडायच्या पत्र्याच्या झापाला आतून पोतं लावलं. मग घमेलंभर कोळसा पेटवला. माझ्या पोटातही निखारे भरले, झाकण उघडं ठेवलं आणि मला राजाबाईंच्या पायाशी विटेवर ठेवलं.

निघताना तिनं आणखी एक गोष्ट केली. गिऱ्हाइकांचे कपडे एरवी रात्री टपरीतल्या पेटीतच असायचे. त्या संध्याकाळी तिनं ते सगळे काढले, चादरीत घातले आणि बोचकं बांधलं. गाठ बसेना. तेव्हा राजाबाई उठल्या आणि चादरीचं एक टोक त्यांनी धरून दिलं.

त्या रात्रीचं मी थोडक्यात सांगते. आत छान ऊब झाली आणि राजाबाई लगेच झोपल्या. निखाऱ्यांना काही वास येत नव्हता, धूरही नव्हता. तरी बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून विषारी वायू निघत असतो, आणि त्याला बाहेर जायला रत्नमालानं एकही फट ठेवली नव्हती. पहाट व्हायच्या सुमारास राजाबाई ओकल्या. डोकं धरून झापाकडे सरकल्या, ते ढकललं आणि तिथेच पडल्या. मी पायाशी धुमसत होते. मला माझे निखारे विझवता आले नाहीत.

सकाळी दूध घालायला फुलंब्रीकडून येणाऱ्या साहेबरावांना झापाखालून बाहेर आलेला हात दिसला. त्यांनी मोटारसायकल तशीच टाकली, राजाबाईंना ओढून उघड्यावर आणलं आणि कॉलनीतल्यांना हाका मारल्या. रत्नमाला बोचकं घेऊन येत होती. लांबूनच तिनं गर्दी पाहिली आणि बोचकं तिच्या हातून रस्त्यावर पडलं. कडक घडीचे कपडे धुळीत पसरले, तिनं ते उचलले नाहीत. साहेबराव रिक्षा थांबवत होते, ती राजाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन आत बसली.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात राजाबाईंना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी रत्नमालाला विचारलं की कोळसा कुणी पेटवला होता. तिनं सांगितलं, मी. चेहरा झापाच्या फटीशी होता म्हणून बाई वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा तिला आठवलं की पावसाळ्यात झाप अर्धं पाडून काम केलं की तिचंही डोकं जड व्हायचं. दमल्यामुळे होत असेल, असं ती समजायची. हे सगळं ती नंतर साहेबरावांना सांगत होती, तेव्हा मी ऐकलं.

राजाबाईंना दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी रत्नमाला आणि अतुल त्यांना रिक्षातून घेऊन आले. टपरीत त्यांचं गाठोडं राहिलं होतं, म्हणून रिक्षा आधी तिथे थांबली. अतुलनं कंपनीतून सुट्टी काढली होती. त्याला राजाबाईंनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. खाली उतरून त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"भाऊ, तुमाला चालत नाय ते ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "मी काय घरी येत नाय. गाठोडं घेते अन् जाते. बाईला काय बोलू नका, तिनं लई केलं."

अतुलला काही कळेना. "मला काय चालत नाही?" असं म्हणून त्यानं रत्नमालाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या पोटातल्या गार राखेकडे. मग अतुलच्या लक्षात आलं. तो भला माणूस. तो चाचरत म्हणू लागला की तेव्हा जरा अडचण होती, आता तसं काही नाही. बायकोचं खोटं तो स्वतःच्या अंगावर घेत होता. ती गप्प राहिली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती.

रत्नमालानं त्याला थांबवलं.

"आजी, यांना मी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "हे नाही म्हणाले नाहीत. मलाच नको होतं. तुमच्या अंगाला वास येतो, असं वाटलं मला. खोली रिकामी होती."

राजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना राग आलेला दिसला नाही. "वास येतोच की. मेंढरात जलम गेला," त्या म्हणाल्या. "मला तवाच कळलं व्हतं, बाई. तू कापडं बांधून नेलीस तवा."

रत्नमालानं पदर तोंडाला लावला. रिक्षावाला सगळं ऐकत होता, पण त्यानं इंजिन बंद करून टाकलं आणि दुसरीकडे बघू लागला.

"आता का नेतीस?" राजाबाईंनी विचारलं. "म्हातारी मरंल म्हणून भेतीस, का मनानं नेतीस?"

"माहीत नाही, आजी," रत्नमाला म्हणाली. "भीती वाटते. लाज वाटते. पण घरी चला म्हणते, ते खरं आहे."

राजाबाईंनी गाठोडं उचललं आणि रिक्षात ठेवलं. "बरं," त्या म्हणाल्या. "गेल्याबरोबर न्हायला पाणी ठेव. कढत."

तेव्हापासून त्या संस्कृतीच्या खोलीत राहतात. संस्कृती सुट्टीत आली की आईजवळ झोपते. मीही याच खोलीत, त्यांच्या पलंगाखाली आहे. टपरीत आता गॅसवरची इस्त्री आली आहे.

सगळं चांगलं झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. राजाबाईंचे हात तेव्हापासून थरथरतात. कप भरून चहा दिला तर सांडतो, म्हणून रत्नमाला अर्धाच कप भरते आणि तो संपला की पुन्हा अर्धा भरते. बोलता बोलता त्यांना शब्द आठवत नाहीत. नवऱ्याचं नाव एकदा दिवसभर आठवलं नाही. त्या दिवशी रत्नमाला मोरीत बसून रडली. कॉलनीतल्या लोकांनी निराधार बाईला आसरा दिला म्हणून तिचा सत्कार करायचं ठरवलं. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिनं दारातूनच परत पाठवलं. खरं कारण तिला सांगता आलं नाही, आणि लोक म्हणाले, किती साधी बाई आहे. ते ऐकून तिला जास्तच लागलं.

राजाबाई तिला कधी टोचून बोलत नाहीत. तिनं विषय काढलाच तर म्हणतात, "जाऊ दे, माय. तू नसती तर पायरीवर मेले असते." तरी रत्नमालाचं समाधान होत नाही. तिच्यासारखंच मलाही वाटतं. ऊब देणं हे माझं काम होतं आणि माझ्याच पोटातल्या निखाऱ्यांनी एका थंडीनं गारठलेल्या बाईचा घास घ्यायला बघितला.

मित्रांनो, म्हणून एका जुन्या इस्त्रीचं एवढं ऐका. दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी, घमेलं, कोळसा काहीही पेटता ठेवून झोपू नका, आणि कुणाला झोपू देऊ नका. थंडीत उघड्यावर बसलेलं माणूस दिसलं तर जरूर थांबा. त्याला जिथे झोपवणार असाल, तिथे आपल्या आईला झोपवलं असतं का, एवढं स्वतःला विचारा. आणि घरात जागा असेल, तर नाही म्हणून सांगू नका.