व्हिडिओ कॉलवरचा कौल

नागपुरातल्या मानेवाड्याच्या मधुकररावांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या देवावर इतका भरवसा टाकला होता, आणि तोही कधी न पाहिलेल्या, कुल्लूकडच्या डोंगरातल्या देवावर. त्या देवाकडून त्यांना एकच गोष्ट हवी होती. नकार.

झालं होतं असं, की त्यांचा एकुलता एक साहिल ऑफिसातल्या रितिका ठाकूरच्या प्रेमात पडला. मुलगी गुणी. घरी जेवायला आली तेव्हा वांग्याच्या झणझणीत भाजीने नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतानाही पान स्वच्छ करून उठली. गोपिकाबाई तिथेच विरघळल्या. अडचण होती ती मधुकररावांच्या खुर्चीची. समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे ते कायमचे अध्यक्ष. आपली मुलं आपल्याच समाजात द्या, असं माइक तापेपर्यंत सांगणारा हा माणूस. त्याच्याच घरात हिमाचलची सून आली तर पुढच्या मेळाव्यात तोंड कुठे लपवायचं? बरं, उघड नाही म्हणायचीही सोय नव्हती. मायलेक एक झाले होते, आणि गोपिकाबाईंचा अबोला काय चीज असते, हे त्यांनी भोगलेलं होतं.

अशात रितिकाच्या वडिलांचा फोन आला. गावच्या देवतेला विचारल्याशिवाय त्यांच्याकडे मुलगी देत नाहीत. वैशाखात मेळा भरतो, देवतेचा रथ देवळातून मैदानात येतो, तेव्हा कौल लावायचा. रथ पुढे झुकला तर होकार, मागे सरला तर नकार. "आप बुरा तो नहीं मानेंगे?" ठाकूरजींनी संकोचून विचारलं.

"बुरा? अरे साहब, देवता का शब्द अंतिम!" मधुकरराव इतक्या उत्साहाने ओरडले, की गोपिकाबाई पोळी तव्यावर टाकून बघायला आल्या.

त्यांचा विचार सरळ होता. वैशाखातही रजई पांघरणारा देव आपली लेक नागपूरच्या मे महिन्यात कशाला पाठवेल? नकार त्याचा, आपले हात वर. त्या आठवड्यात त्यांनी कधी नव्हे ते रोज सकाळी देवघरात अगरबत्ती लावली. कुणासाठी, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

मेळ्याच्या दिवशी साहिलने मोबाईल टीव्हीला जोडला. आवाज नीट ऐकू यावा म्हणून कूलर बंद केला. तिघे घामाने निथळत सोफ्यावर बसले, आणि समोर स्वेटर घातलेली माणसं दिसू लागली. रितिकाचा भाऊ विक्की तिकडून फोन धरून होता. देवदारांच्या मधोमध मैदान, जिलेबीच्या कढया, पिपाण्या फुंकणारी पोरं, गोल धरून नाचणारे बाप्ये आणि बाया. ढोल वाजत होते, माणसापेक्षा लांब कर्णे फुंकले जात होते. मधोमध दोघांच्या खांद्यांवर लांब काठ्या, काठ्यांवर देवतेचा रथ. रंगीत रेशमी वस्त्रं, झेंडूच्या माळा आणि पुढे चांदीचे मुखवटे. रथ एकसारखा डुलत होता. उचलणारे म्हणत होते, आम्ही हलवत नाही, तोच हलतो.

"किती सुंदर आहे वं माय!" गोपिकाबाईंनी टीव्हीलाच हात जोडले.

ज्याच्या अंगात येऊन देव बोलतो, त्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला तिकडे 'गुर' म्हणतात; त्याच्यासमोर ठाकूरजी हात जोडून उभे राहिले आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाले. ढोल थांबले. रथ डुलला, थबकला आणि सरळ मागे सरला. एकदा नाही, तीनदा.

साहिलचा चेहरा पडला. गोपिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. मधुकररावांना मनातून हसू फुटायला हवं होतं. ते फुटलंही असतं, पण तेवढ्यात तिकडच्या गर्दीतला कुणी काका फोनजवळ येऊन म्हणाला, "लड़के में ही कोई खोट होगी."

"क्या बोला?" मधुकरराव ताडकन उठले. "कौन बोला वो? सामने आ!"

"अवो, बसा ना," गोपिकाबाई म्हणाल्या. "तुमालेच तर नकार पायजे होता. मले काय समजत नाही का?"

"नकार वेगळा, खोट वेगळी! ठाकूरजी, पूछो देवता को! खोट क्या है, बताना पडेंगा!"

ठाकूरजींनी घाबरतच विचारलं. गुर थरथरला, त्याचे केस मोकळे सुटले. तो बोलला ते विक्कीने सांगितलं. देवता म्हणतात, खोट कुणी सांगितली? मुलीकडचे विचारायला आले. मुलाकडून कुणी मागायलाच आलं नाही. ज्याला नको आहे, त्याच्या घरी मी लेक का टाकू?

मधुकररावांच्या कपाळावर नव्याने घाम फुटला. शेकडो मैलांवरच्या चांदीच्या मुखवट्याने त्यांना बरोबर पकडलं होतं. त्यांनी हिंदीत सुरुवात केली, "देखो महाराज, ऐसा है की..." आणि पुढे हिंदी संपली.

"महाराज, मी या पोराचा बाप. मले नको होतं, खरं आहे. पण त्याच्यात खोट नाही! मी सांगतो ना! बारावीत नापास झाला, तर निकाल लपवला नाही. स्वतः येऊन समोर उभा राह्यला, का मारा म्हणे. माह्या छातीत कळ आली तवा यानं मले दवाखान्यात नेलं. मी याले शिव्या देऊन राह्यलो होतो, का गाडी दूर काहून लावली म्हणून. आन् हा खाली बसून माह्ये बूट काढून राह्यला होता. मोजे काढले यानं. घाण वास मारत होते ते! एका शब्दानं बोलला नाही." ते टीव्हीजवळ सरकले. "असा पोरगा तुमाले त्या पहाडात नाही भेटणार. द्या ना महाराज तुमची पोरगी. मी मागून राह्यलो. हे पहा, हात जोडून मागून राह्यलो."

तिकडे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नागपूरचं हे बोलणं कुणाला कळेल? विक्की गुराला समजावून सांगायला तोंड उघडतो न उघडतो, तोच रथ पुढे झुकला. इतका, की मुखवट्यांनी टीव्हीची काच भरून गेली.

ढोल एकदम सुटले. ठाकूरजी रडत होते, तो खोटवाला काका नाचत होता. गोपिकाबाई साखर आणायला धावल्या.

साहिल जागचा हलला नव्हता. "बाबा," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला ते मोजे आठवतात?"

"आठवतात," मधुकरराव त्याच्याकडे न बघता म्हणाले. "सगळं आठवते. सांगता येत नाही, इतकंच."

साहिलने त्यांना मिठीच मारली. घामाने चिकट झालेले बापलेक बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मधुकररावांनी त्याच्या खांद्यावरून टीव्हीकडे पाहिलं आणि नाक पुसलं.

"तो फोन बंद कर ना गा आधी. अख्खा मेळा पाहून राह्यला."