मोहाच्या मुळावरचे उखळ

मित्रांनो, तुमच्या घरी मिक्सर असेल. बटण दाबले की घर्रर्र, आणि काम फत्ते. मी त्या मिक्सरचे फार लांबचे, फार जड आणि थोडे कुरकुरे नातेवाईक. मी एक जुने दगडी उखळ आहे. भिवंडीजवळ, वळ गावच्या गोदामांपलीकडे, कातकऱ्यांची एक छोटी वाडी आहे. तिथे मोहाच्या झाडाखाली गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली जी वस्तू दिसते, ती मी. माझ्यावरून पोरे हमखास ठेचकाळतात आणि वर मलाच शिव्या देतात.

मला एका पाथरवटाने घडवले. वाडीतल्या म्हाताऱ्या पार्वतीच्या आजेसासऱ्याने त्याला रानातला मध दिला आणि बदल्यात मला आणले. तेव्हा वाडीभोवती खैराचे रान होते. माणसे कात काढत, मध काढत, कोळसा पाडत. मोह अगदी कोवळा होता. माझ्यात भात सडायला बाया जमत आणि मुसळाच्या ठेक्यावर सासवांच्या चहाड्या सांगत. त्या सगळ्या मला ठाऊक आहेत. पण मी पोटात ठेवते, माझे पोट त्यासाठीच आहे.

मग रान गेले, गोदामे आली, गिरणीही आली. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर कामाला जाऊ लागली आणि पावसाच्या तोंडावर परतू लागली. निघताना प्रत्येक घर माझ्यात मूठभर तांदूळ टाकी आणि म्हणे, "घर सांभाळ." ते तांदूळ खारी खाऊन टाकतात, हे सगळ्यांना माहीत होते, तरी रीत कोणी मोडली नाही. एरवी मला कोण विचारतो? कोंबड्या माझ्यात साचलेले पाणी पीत. राग यायचा, पण कोंबडीवर किती रागावणार?

मग एक दिवस आदिवासींच्या संघटनेचा कार्यकर्ता राघो भिवंडीतल्या धामणकर नाक्याजवळच्या एका कॉलेजातली मुले घेऊन आला. कॉलेज आणि संघटना मिळून वाडीचा इतिहास गोळा करणार होते. त्यात यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांच्या घरातली जोहा होती आणि कोन गावचा कुणाल होता. जोहा मोबाइल पुढे धरून विचारी, "मावशी, पहले यहाँ क्या था? म्हणजे, गोदामांच्या आधी?" पार्वती सांगू लागली की दिवस पुरत नसे. आजवर वाडीला कोणी काही विचारलेच नव्हते. विचारले तर आधार कार्ड आहे का, एवढेच. त्या मुलांचे हे उपकार मी विसरणार नाही.

मुलांना मी फार आवडले. इतके, की कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी मला न्यायचे ठरले. वाडी तेव्हा भट्टीवर गेलेली. गुडघे दुखतात म्हणून पार्वती मागे राहिलेली. पाहुण्यांना नाही म्हणणे तिला कधी जमलेच नाही.

"न्या पोरांनो," ती म्हणाली, "पन जड हाय, कंबर सांभाला."

खणताना एक जाडजूड मूळ आडवे आले. कुणालने कोयता उचलला, तशी पार्वती ओरडली, "झाडाला हात लावायचा न्हाय! बाजूनं काढा." मग मुलांनी मला घामाघूम होऊन बाजूने काढले आणि कुणालच्या काकाच्या टेम्पोत घातले.

कॉलेजात मला घासले, पुसले, पांढऱ्या कापडावर मांडले, समोर पाटी लावली. माणसे सेल्फी काढू लागली. खोटे कशाला बोलू, मी सुखावले. आसपास एकही कोंबडी नव्हती.

प्रदर्शन ऐन रंगात असताना राघो धापा टाकत आला. "अरं, हे हितं कसं? उद्या सकाली पाहनीला साहेब येनार हायत!"

वाडीची जागा वाडीच्या नावावर व्हावी, म्हणून संघटनेने सरकारकडे अर्ज केला होता, त्याचीच ही पाहणी. शेजारचा गोदाममालक म्हणत होता, ही माणसे परवा येऊन बसली. कुडाची घरे दर काही वर्षांनी नव्याने बांधावी लागतात, त्यामुळे ती कधी जुनी दिसतच नाहीत. वाडीत माणसाच्या हातचे, जुने आणि जागचे न हललेले असे काय, तर एक मी. आणि मी तर पांढऱ्या कापडावर मिरवत होते!

जोहाचा चेहरा पडला. "राघोदादा, मावशीचं घर आमच्यामुळे जाणार."

"रडून काय व्हनार? उचला," राघो म्हणाला.

सकाळी टेम्पो नाक्यावरच अडकला. जोहा खाली उतरली आणि "भैया, रिक्षा थोडा पीछे लो!" असे ओरडत वाट काढत निघाली. आम्ही पोचलो तेव्हा साहेब आले होते.

"बघा साहेब," गोदाममालक हसला, "आत्ता आणून ठेवतायत. खड्डासुद्धा ताजा आहे!"

पण जोहा पुढे झाली. "सर, उखळ इथलंच आहे. आम्ही ते प्रदर्शनासाठी काढलं. चूक आमची आहे, मावशीची नाही."

"त्याची बैठक तरी बघा, साहेब," पार्वती म्हणाली. ती खड्ड्याशी बसली आणि हाताने माती सारू लागली. तेच मूळ वर आले. मांडीएवढे जाड, कुशीत काही धरल्यासारखे वळलेले. राघो आणि कुणाल यांनी मला हळूच आत सोडले. मी त्या कुशीत अशी फिट्ट बसले, की मध्ये बोट शिरेना.

साहेबांनी वाकून दोनदा हात फिरवला. "दगडाभोवती मूळ वाढलंय हे," ते म्हणाले. "हे परवाचं नाही."

वाडी भट्टीवरून परतली, तोवर निकाल लागला होता. जागा वाडीची झाली. जोहा पुन्हा माफी मागू लागली, तर पार्वती म्हणाली, "गप ग पोरी. तू काढलंस म्हनून तर मोहाचं मूल दिसलं."

मित्रांनो, मी दगड असले तरी कृतघ्न नाही. मला घासणाऱ्या, मिरवणाऱ्या, चूक कबूल करून परत आणणाऱ्या त्या मुलांची मी ऋणी आहे. जुन्या वस्तूवर जरूर माया करा, पण ती वस्तू कुणाची आहे, कशाला धरून बसली आहे, हे आधी विचारा. मला बघायचे तर वाडीत या. मला उचलू नका, मुसळ उचला.

इतिहास गोळा करण्याचे काम संपवून मुले निघाली, तेव्हा जोहाने घरून आणलेले मूठभर तांदूळ माझ्यात टाकले आणि हळूच म्हणाली, "घर सांभाळ." तांदूळ खारींनी लगेच संपवले. घर मात्र मी सांभाळले आहे.