करडईच्या पाकळ्या आणि एकशे ऐंशी पाहुणे

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लोहाऱ्यात अर्पिताने करडईच्या वाळलेल्या पाकळ्यांची पिशवी काट्याला लावली. दोन किलो भरायला हवी होती. पावणेदोन भरली.

अर्पिता धाराशिवला औषधनिर्माणशास्त्र शिकते. लकवा झाला की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी मरू लागतात. करडईच्या पाकळीतलं एक पिवळं द्रव्य त्यांना तगवतं का, हे ती तपासते आहे. विषय तिने दिवाळीत निवडला. त्याच आठवड्यात तिचे चुलते बब्रुवान यांचा डावा हात चार दिवस लुळा पडला होता. हात परत आला. पण रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

"अण्णा, पाव किलो पाकळी कुठं गेली?"

"माणसांवर गेली," बब्रुवान म्हणाले.

झालं होतं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी अर्पिताने घरात सांगितलं होतं, की काचेच्या बशीत अर्क घातल्यावर शंभरातल्या बहात्तर पेशी जगल्या. बब्रुवान यांनी ते डिस्टिंक्शन धरलं. "पण माणसांवर अजून कुणी तपासलं न्हाय," असंही तिने बजावलं होतं. ते त्यांनी काम सांगितल्यासारखं घेतलं. बुधवारी त्यांचे दोस्त जैनोद्दीन आचारी यांच्या भाचीचं लग्न होतं. पिवळ्या गोड भाताच्या दोन्ही डेगांत पाव किलो पाकळी पडली.

"एकशे ऐंशी माणसं जेवली. काल म्या आन् जैनोद्दीननं फोन करकरून इचारलं. एकालाबी लकवा न्हाय."

"अण्णा, त्यांना तसाही झाला नसता!"

"तू ज्योतिषी हैस का?"

"निम्म्यांना पाकळीचा भात द्यायचा, निम्म्यांना बिनपाकळीचा. मग फरक कळतो."

"पंगतीत दुजाभाव? वरमाईनं डोक्यात उलथनं घातलं असतं. मग त्यो येगळाच आजार."

हाताला फडकं गुंडाळून काट्यांतून या पाकळ्या खुडल्या होत्या त्या दगडाबाईंनी, बब्रुवान यांच्या पत्नीने. त्या चुलीजवळून म्हणाल्या, "अवो, पोरीला खरं सांगा की. गुरवारपासनं गोळी बंद हाय, रोज चिमूटभर पाकळीच चघळत्यात म्हणून."

अर्पिता पिशवी विसरली. चार दिवस, चार गोळ्या.

"एका पोटात दोन औषधं भांडत्यात," बब्रुवान म्हणाले. "पाकळी पास झाली. मग गोळी कशाला?"

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टर म्हणाले, पाकळी बंद, गोळी आत्ता, आणि आजच तपासायला आणा.

"साहेब, तुमची गोळी तरी माणसांवर तपासली का?" बब्रुवान यांनी विचारलं.

"हजारो माणसांवर. निम्म्यांना खरी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी."

बब्रुवान सावरून बसले. "खोटी? आन् लोक गप बसले?"

"त्यांना माहीत नसतं, आपली खरी की खोटी ते. तशी संमती घेतलेली असते."

बब्रुवान यांनी गोळ्यांची पट्टी उजेडाला धरली. पालथी केली. "मग ही कंची?"

"खरीच आहे हो काका!"

"खोटीवाल्यांनाबी आसंच वाटलं आसंल."

अर्पिताने कपाळाला हात लावला. "लवकर आणा," एवढंच म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

नऊची एसटी गेली. जैनोद्दीन जीप घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "बब्रू, घे की मुकाट्यानं! मी सात वर्षं बीपीची गोळी खातो. खरी का खोटी, बायकोलाबी इचारलं न्हाय."

साडेनऊला दगडाबाईंनी गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. नऊ पस्तीसला बब्रुवान ती तोंडात टाकून तांब्याभर पाणी प्यायले. गोळी पाण्याबरोबर पोटात गेली की गालात राहिली, हे जीप सुटेपर्यंत कळू शकलं नाही. ते तोंड उघडायला तयार नाहीत.