गोड्या पाण्यानं धुतलेला लॅपटॉप

खाऱ्या पाण्यात भिजलेली वस्तू आधी गोड्या पाण्यानं धुवायची, हे मिठागरात जन्म गेलेल्या हिरामणला कुणी शिकवायला नको होतं. होडीचं इंजिन, मोटरसायकल, सगळं त्यानं असंच वाचवलेलं. लेकीचा, कल्पिताचा, जुना जाडजूड लॅपटॉप खाडीत पडला तेव्हाही त्यानं मागची बॅटरी काढली, लॅपटॉप धुतला, चार दिवस सुकवला, आणि पठ्ठ्या सुरू झाला. गावभर ते सांगताना त्याची छाती फुगायची.

गेल्या महिन्यात उधाणाचं पाणी बांध फोडून घरात शिरलं. कल्पिता कामावर, आणि तिचा नवा, पापडासारखा पातळ लॅपटॉप पाण्यात. हिरामणनं तो उलटासुलटा करून पाहिला. बॅटरी काढायला जागाच नव्हती. नव्या वस्तूला बॅटरी लागत नसेल, असं स्वतःच ठरवून शहाण्यानं वर कळशीभर गोडं पाणी ओतलं.

आत मैनाचे धवले होते. मैना त्याची बायको, लग्नविधीतली गाणी म्हणजे धवले गाणारी धवलारीण. आसपासच्या आगरी गावांत तिच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नसे. कल्पितानं पाच वर्षं तिच्यापुढे बसून एकशेचाळीस धवले रेकॉर्ड केले होते. मैना दिवाळीत गेली. जुना लॅपटॉप, सगळं नव्यात भरून झाल्यावर, भंगारात गेला होता.

आज अलिबागच्या दुकानात दुरुस्तीवाल्या हितेशनं बापलेकीला झाकण उघडून दाखवलं. "काका, बॅटरी आत होती, चालू. खारं पाणी कडेलाच थांबलं होतं. तुम्ही वरून पाणी ओतलं, ते सगळं आत गेलं आणि बोर्ड जळला."

"मग गाण्यांची डिस्क तेवढी काढून दे. जुन्याची निघायची."

"ह्याला वेगळी डिस्क नाय. बोर्डावरच सोल्डर केलेली चिप हाय, तीपण गेली. मुंबईला पाठवून बघितलं, त्यांनीपण हात टेकले."

बायको एकदा गेलीच होती. दुसऱ्यांदा आपण तिला आपल्या हातानं मारली, असं हिरामणला वाटलं, आणि त्याच्यानं लेकीकडे बघवेना.

कल्पिता ओरडली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून तिनं विचारलं, "बाबा, आयचा एखादा धवला तुला येतो?"

तीस वर्षं प्रत्येक लग्नाला त्यानंच मैनाला मोटरसायकलवरून नेलं होतं. ती आत गायची, तेव्हा हा मांडवाबाहेर पत्ते कुटत बसायचा. त्यानं तोंड उघडलं. चाल थोडीशी आली. शब्द एकही येईना. कल्पिता मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून वाट बघत राहिली.