लाडावलेलं इंजिन

"बाबा, आपली गाडी पेट्रोलवर चालते की ऑइलवर?"

खरं तर हा प्रश्न माझ्या मैत्रिणींचा. चष्मिस आणि बडबडी या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती, "विचारून दाखव, नाहीतर वर्षभर तुझं नाव धुरकट." रोज सकाळी बाबा मला शाळेच्या फाटकाशी सोडून निघाले, की मागे एक निळा ढग उठायचा आणि आत जाणारी अख्खी रांग खोकायची. बडबडी तर ढग दिसला की हात पसरून विमान व्हायची.

मला वाटलं होतं, बाबा हसतील, एक टपली मारतील. पण त्यांच्या हातातला पाना हवेतच राहिला. गॅरेजच्या मागच्या खोलीत मशीन पुसणाऱ्या आईचाही हात थांबला.

"इंजिन खातं थोडंसं ऑइल," बाबा म्हणाले. "नवीन आहे अजून."

"थोडंसं? मग डिकीत टॉवेलमध्ये गुंडाळून ऑइलचा कॅन कशाला ठेवलाय? अंघोळीला?"

झालं, बिंग फुटलं.

आता आमचं घराणं कसलं ते सांगते. बाबा शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधतात. जुनं इंजिन पूर्ण सुटं करायचं, झिजलेलं फेकायचं, मोठे आणि मजबूत पिस्टन घालायचे आणि असं काही जुळवायचं की म्हाताऱ्या गाडीलाही पंख फुटावेत. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती नळी, म्हणजे सिलिंडर, आतून घासून नेमक्या मापाची करायचं काम आईचं. घासून झाल्यावर आई नळीच्या भिंतीवर तिरक्या रेघांची बारीक जाळी उठवते. डोळ्यांना जेमतेम दिसते, पण नखाला कळते. आईची जाळी बघायला लांबून लांबून मिस्त्री येतात. मी थापा मारत नाहीये.

आणि हे इंजिन? हे मी बांधलं होतं! पिस्टनला ज्या रिंगा असतात, ऑइल खालीच ठेवणाऱ्या आणि वरचा दाब वर अडवणाऱ्या, त्यातली एकूण एक रिंग या माझ्या हातांनी बसवली. बाबा शेजारी स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसले होते. मुद्दाम, मध्ये हात घालायचा मोह नको म्हणून. येत्या चढाच्या शर्यतीत ही गाडी धावणार होती.

आमच्या गॅरेजात एक रीत आहे. ज्यानं इंजिन बांधलं, त्यानं ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, काठावर हातोड्यानं आपली खूण ठोकायची. बाबांची खूण मासा. माझ्यासाठी त्यांनी विजेच्या रेघेचा पोलादी ठसा बनवून घेतला होता. पण ठोकायचा कधी? इंजिन रुळल्यावर, ऑइल खायचं थांबल्यावर. ऑइल खाणाऱ्या इंजिनावर आमच्याकडे खूण पडत नाही, मग बांधणारा कुणी का असेना. माझा ठसा खणात पडून होता. रोज खण उघडून मी त्याला बघून यायचे, आणि इकडे गाडी आपली ढग सोडतेय!

त्या संध्याकाळी जेवताना आई एकदम म्हणाली, "चूक माझी असणार. जाळी जरा बोथट पडली या वेळी."

"काहीतरीच काय," बाबा म्हणाले. "पिस्टन मी निवडले. माझंच माप चुकलं."

"अहो, तुमचं माप कधी चुकलंय?"

"अगं, तुझी जाळी कधी बोथट पडलीये?"

मी आळीपाळीनं दोघांकडे बघत होते. एरवी ही दोघं चिमटा कुणी हरवला यावरून अर्धा दिवस भांडतात. आणि आज चूक आपल्याच ताटात वाढून घ्यायला हीऽऽ चढाओढ? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिंगा मी बसवल्या होत्या, आणि माझं नाव दोघांनाही घ्यायचं नव्हतं.

"थांबा," मी चमचा ठेवला. "चूक तुमची असली तर इंजिनही तुमचंच झालं! मला नकोय असली माया. रिंग उलटी बसली असेल तर मी बसवलीये, आणि मीच काढीन. उद्या सुट्टी आहे. उद्या तपासायचं."

बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? तुमच्यावर गेलीये."

सकाळी मी चारही प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरला दाबाचं घड्याळ लावलं आणि बाबांनी इंजिन नुसतं फिरवलं. पहिल्याचा दाब कमी. मनात म्हटलं, झालं, हीच ती. दुसऱ्याचाही तेवढाच कमी. तिसऱ्याचाही. चौथा तर जणू पहिल्याचा जुळा भाऊ.

"चारही सारखेच," बाबा पुटपुटले.

मग मी प्लगच्या भोकातून प्रत्येकात थोडं थोडं ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. चारही सिलिंडरांत काटा टुणकन वर! म्हणजे दाब रिंगांपाशीच निसटत होता, ऑइलनं ती फट तेवढ्यापुरती बुजली.

"बाबा, मी एखादी रिंग उलटी बसवली असती तर एकच सिलिंडर रुसला असता ना? चौघे एका सुरात कसे रुसतील?"

"सगळ्याच उलट्या बसवल्या असतील तर?" आई दारातून म्हणाली. मी तिच्याकडे असं बघितलं की ती म्हणाली, "गंमत केली गं."

वायरच्या टोकावर असतो तो छोटा कॅमेरा मी आत सोडला. आईनं स्क्रीनवर डोळे लावले आणि तिच्या तोंडून एवढंच आलं, "अगं बाई."

जाळी होती, पण तिच्यावर तपकिरी, काचेसारखी चकाकी चढली होती. भाजलेल्या ऑइलचा लेप. असल्या गुळगुळीत भिंतीवर रिंग घासून बसणार तरी कशी? नुसती घसरत राहणार, आणि ऑइल वर जाऊन जळणार.

मी तिथंच फरशीवर बसकण मारली आणि विचार करायला लागले. रिंगा बसवताना बाबांनीच शिकवलं होतं, रिंग स्वतःच्या ताणानं भिंतीला नुसती टेकते. तिला घट्ट दाबतो तो स्फोटाचा दाब, तिच्या मागे शिरून. मगच रिंग आणि भिंत एकमेकींना घासून जुळतात. पण तो दाब येणार कधी? इंजिनावर जोर पडला तर.

"बाबा, नवीन इंजिन घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता?"

"सांगतो की साधं ऑइल घाला, उभ्यानं चालू ठेवू नका, सरळ चढावर न्या आणि चांगलं दामटा..." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"आणि हिला चढावर कधी नेलंत?"

बाबा कान खाजवायला लागले.

"शाळेत सोडायला जातो ना."

"कासवं पुढे जातात आपल्या! आणि ऑइल कुठलं घातलंत?"

"सगळ्यात भारी. सगळ्यात निसरडं." मग ते घाईघाईनं म्हणाले, "तुझं पहिलं इंजिन होतं गं. साधं ऑइल कसं घालू? आणि पाय दाबवतच नव्हता. संध्याकाळी फक्त जागेवर चालू करून ऐकायचो जरा."

"तुम्ही संध्याकाळी?" आई म्हणाली. "मी तर सकाळी चहा घेऊन शेजारी बसते. काय गोड आवाज आहे हो त्याचा!"

दोघं माझ्याकडे वळली. आता माझी पाळी. "मी... शाळेतून आल्यावर. चष्मिस आणि बडबडीला ऐकवायला. एकदाच. म्हणजे, दर वेळी एकदाच."

सकाळी आई, दुपारी मी, संध्याकाळी बाबा. बिचारं इंजिन! त्याला कुणी कामच करू दिलं नव्हतं. तिघांनी मिळून लाड करकरून त्याला पार बिघडवलं होतं. आई हसता हसता मशीनला टेकली. बाबा लोकांची इंजिनं दुसऱ्या दिवशी चढावर पिटाळतात, आणि मुलीचं इंजिन कडेवर घेऊन फिरत होते! मला इतकं हसू आलं आणि इतकं काहीतरी वाटलं, की मी उठून उगाचच पाने जागेवर लावले.

मग सगळं पुन्हा. इंजिन उतरवलं, सुटं केलं. आईनं हलक्या हातानं चकाकी काढून नवी जाळी उठवली. मी नव्या रिंगा बसवल्या, आणि या वेळी बाबांना स्टुलावरसुद्धा बसू दिलं नाही. त्यांनी बाहेर जाऊन काचा पुसल्या. स्वच्छ असलेल्या काचा! ऑइल साधं घातलं. इंजिन चालू झालं, गळती नाही एवढं बघितलं आणि तशीच गाडी बाहेर काढली. ऐकत बसायला सक्त मनाई.

गावाबाहेरच्या चढाला लागलो. रस्ता रिकामा. मी शेजारी, आई मागे.

"दाबा!" मी म्हटलं.

बाबांनी दाबलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

"अहो, मुंगी चिरडतेय का पायाखाली?" आई मागून म्हणाली. "व्हा बाजूला."

आणि माझी आई, जी जिना उतरतानाही कठडा धरते, तिनं तिसऱ्या गिअरात गाडी अशी ओढली की माझी पाठ सीटला चिकटली. वर पोचताच पाय काढून घेतला, गाडी ब्रेक न दाबता इंजिनाच्या ताणावर खाली येऊ दिली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मधूनमधून थांबून गार करायची. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून, "हळू गं, हळू..." पहिल्या फेऱ्यांना मागे निळसर शेपूट होतं. मग पुसट झालं. मग मी काच खाली करून मान बाहेर काढली, तर मागे नुसता रस्ता! स्वच्छ, लख्ख, रिकामा रस्ता!

तरी मी लगेच नाचले नाही. गाडी दिवसचे दिवस पळवली, आणि रोज सकाळी गार इंजिनाची डिपस्टिक स्वतः काढून बघितली. ऑइल पहिल्या दिवशीच्याच रेघेवर, जागचं हललेलं नाही. शाळेच्या फाटकाशी बडबडी हात पसरून उभी राहिली, आणि ढगच आला नाही. "विमान रद्द," चष्मिस म्हणाली. "धुरकट नाव पण कायमचं रद्द."

त्याच संध्याकाळी मी ठसा खणातून काढला, ब्लॉकच्या काठावर टेकवला आणि हातोड्याचा एक घाव घातला. वीज उमटली. ठसठशीत, जराशी तिरकी. माझी! आईनं तिच्यावरून नख फिरवलं, जाळीवरून फिरवते तसंच. बाबांनी काहीही निमित्त नसताना गाडीचा दिवा पुसला.

मग त्यांचा हात हळूच खिशाकडे गेला. खिशात किल्ली होती.

"आता रुळलंय ना," ते म्हणाले, "तर जागेवर चालू करून जरा ऐकूया का?"

मी किल्ली काढून घेतली आणि स्टुलावर चढले.

"ऐका दोघं. मी ठरवलंय. आजपासून या गॅरेजात जे कुठलं इंजिन मी बांधीन, ते रुळेपर्यंत त्याची किल्ली माझ्याकडे. चढावर आई नेणार. बाबा काचा पुसणार. आणि लाड करायचे ते माझे करायचे, इंजिनाचे नाही!"