मधली कोरी जागा

हॉलंडमधल्या हारलेम गावच्या चित्रकारांचा नियमच होता तसा. संघात शिरायचं तर चित्रातलं शेवटचं फूल पंचांच्या डोळ्यांदेखत काढायचं, तेही ताजं फूल समोर ठेवून. मग खाली स्वतःच्या नावाची सही. पंच वर्षातून एकदाच बसत, ट्यूलिपच्या दिवसांत.

हिलेगोंडाच्या चित्रातल्या फुलदाणीत सगळे ऋतू एकत्र नांदत होते. जूनमध्ये तिनं गुलाब काढला, उन्हाळा सरताना खसखशीचं फूल. मधली जागा तेवढी कोरी. तिच्यासाठी कुंडीत लाल पट्ट्यांचा ट्यूलिप तिनं जिवापाड जपला होता. काल तो उमलला, आणि आज पंच यायचे होते. संघात नाव लागलं की योरिस मास्तरांच्या तावडीतून सुटका! मास्तरांचे हात केव्हाच थरथरायला लागले होते. त्यांची म्हणून विकली जाणारी सगळी फुलं हीच काढायची, पण गावाला त्याचा पत्ताच नव्हता!

सकाळी ती खिडकीपाशी आली. कुंडीत नुसता दांडा.

"मास्तर, माझं फूल?"

मास्तर पावाला लोणी फासत होते. "ते होय? कापलं. डुकरांना घातलं."

"अहो, पण पंच येतायत!"

"नाही येत. पोरगी अजून कच्ची आहे, असा निरोप धाडलाय. पुढच्या वर्षी बघू."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात!"

"मग सवय झाली असेल की."

हिलेगोंडाचं डोकं सणकलं. "वाटोळं होईल तुमचं!"

"तू गेलीस तर आजच होईल. म्हणून तर कापलं." मास्तरांनी बोटं चाटली. "आणि माझ्या शब्दाशिवाय या गावात तुला कुणी कुंचला धरू देणार नाही. चल, रड आवर. माझ्या जुन्या कागदावरनं त्या कोऱ्या जागेत ट्यूलिप उतरवून टाक. परवा गिऱ्हाईक येतंय."

तिनं उतरवला. मेला इतका देखणा उतरला की तिला स्वतःच्याच हाताचा संताप आला.

"आता सही," मास्तर म्हणाले. "माझी. माझा हात थरथरतो, तूच कर. शेवटचं अक्षर जरा ऐटीत काढ."

तिनं ऐटीत काढलं.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक चित्राला नाक लावून उभं राहिलं. "वा मास्तर! या वयात काय हात आहे! जराही हलत नाही."

"देवाची कृपा," मास्तरांनी हात पाठीमागे घेतले. "हिलेगोंडा, पाहुण्यांना बिअर आण गं."

ती बिअर आणायला गेली.